उटोयावरचा एका टेकमधला चित्रपट: खरं हत्याकांड असं दाखवावं का?

पाऊलवाट

शेवटासकट सगळं लिहिलं आहे. चित्रपट बघायचा असेल तर आधी बघून या, मग वाचा.

एरिक पॉपे यांचा 'उटोया २२ जुलै' हा २०१८ चा नॉर्वेजियन चित्रपट मागच्या आठवड्यात पाहिला. तेव्हापासून जो भेटेल त्याच्याशी त्याबद्दलच बोलतेय, आणि बहुतेकांचं उत्तर एकच: "असलं कशाला बघायचं?" म्हणून हा धागा. माझं मत आधीच सांगून टाकते. खऱ्या हत्याकांडावर चित्रपट काढायचाच असेल, तर तो असाच काढावा.

घटना ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. २२ जुलै २०११, शुक्रवार. ओस्लोत सरकारी कार्यालयांच्या आवारात दुपारी ३.२५ ला गाडीत ठेवलेला बॉम्ब फुटला. ८ जण गेले. बॉम्ब ठेवणारा माणूस पोलिसाच्या वेशात शहराबाहेर निसटला आणि टिरीफ्योर्ड तलावातल्या उटोया नावाच्या लहानशा बेटाकडे गेला. तिथे मजूर पक्षाच्या युवक संघटनेचं, एयूएफचं, उन्हाळी शिबिर चालू होतं. स्फोटामुळे बंदोबस्ताला आलोय असं सांगून तो त्यांच्याच फेरीबोटीने बेटावर उतरला. त्यानंतर साधारण ७२ मिनिटं तो पोरांना हुडकून हुडकून मारत होता. बेटावर ६९ जीव गेले, त्यातले जवळजवळ निम्मे अठराच्या आतले. सगळ्यात लहान मुलगी १४ वर्षांची.

चित्रपटाची सुरुवात ओस्लोतल्या त्या स्फोटाच्या खऱ्या चित्रणाने होते. मग बेट येतं, आणि तिथून पुढे कॅमेरा एकदाही तुटत नाही. तो काया नावाच्या मुलीला धरून राहतो. ही भूमिका आंद्रेआ बेर्न्टसेन या नवख्या मुलीने केली आहे. कायाची धाकटी बहीण एमिली तिच्याबरोबर शिबिराला आलेली, दोघींचं तंबूत वाजतं, काया रागाने निघून जाते. थोड्या वेळाने लांबून आवाज येतात. कुणी म्हणतं फटाके, कुणी म्हणतं पोलिसांचा सराव असेल. मग पोरं धावत सुटतात. त्यानंतरचा सगळा वेळ काया बहिणीला शोधतेय.

मारेकरी? एखाद-दोनदा दूरवर काळी आकृती दिसते, बस. चेहरा नाही, नाव नाही, तोंडी एक वाक्य नाही. तो आपल्याला फक्त ऐकू येतो. बंदूक जवळ आली, लांब गेली, थांबली. थांबली की जास्त भीती वाटते, कारण आता तो कुठे आहे ते कळायला मार्गच नाही.

दोन प्रसंग डोक्यातून जात नाहीत. तंबूंपाशी पिवळं जाकीट घातलेला एक लहान मुलगा एकटाच उभा आहे. भावाने इथेच थांब सांगितलंय म्हणून तो हलत नाही. काया त्याला जाकीट काढायला आणि पळायला सांगते. पुढे ते पिवळं जाकीट पुन्हा दिसतं. दुसरा प्रसंग, एक जखमी मुलगी कायाच्या हातात जीव सोडते आणि तिचा फोन वाजायला लागतो. पडद्यावर 'मम्मा'. हे कुणा लेखकाच्या डोक्यातून आलेलं नाही. त्या दिवशी बेटावर मेलेल्या पोरांचे फोन खरोखरच वाजत राहिले होते. लपलेल्यांचा ठाव लागू नये म्हणून पालकांना 'फोन करू नका' असे निरोप गेले होते.

आता माझा मुद्दा. चित्रपटात कट म्हणजे सुटका असते. दिग्दर्शक कट मारतो आणि आपल्याला पोलीस ठाण्यात नेतो, पंतप्रधानांच्या खोलीत नेतो, नाहीतर मारेकऱ्याच्या बालपणात. आपण श्वास घेतो, आणि आपल्याला कायापेक्षा जास्त माहिती होते. पॉपे यांनी हा हक्क सोडून दिलाय. काया कड्याखाली ओल्या दगडांना चिकटून बसते आणि कितीतरी वेळ काही घडत नाही. ती थरथरते, शेजारच्या मुलाशी काहीबाही बोलते. बातमीत ही ७२ मिनिटं एका ओळीत उरकतात. ती किती लांब होती हे कळायला मला दुसरा उपाय दिसत नाही.

तुमची मतं वाचायला आवडतील. विरोधी असली तर जास्तच.

काठावरचा

पाऊलवाट, कळकळीने लिहिलंय, पण मला जवळजवळ प्रत्येक मुद्दा उलटा दिसतो.

पहिलं, एक टेक. हा चित्रपट ज्यांनी कुणी पाहिला त्यांना 'सगळा एका शॉटमध्ये आहे' हे आधीपासून माहीत असतं, कारण त्याची ओळखच तशी करून दिली जाते. त्यामुळे मूल मरताना बघत असतानाही मनाचा एक कोपरा म्हणत असतो, आता कॅमेरामन झाडामागून कसा वळला, इथे लपवून कट तर नाही मारला? बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धा विभागात हा चित्रपट होता. छायाचित्रणासाठी मार्टिन ऑटरबेक यांना युरोपियन फिल्म अवॉर्ड मिळालं. पुरस्काराबद्दल माझी तक्रार नाही, काम अवघडच आहे. पण पोरांच्या मरणावर इतकं कौशल्य उठून दिसावं, हेच मला खटकतं.

दुसरं, तो कॅमेरा आहे तरी कोण? तो कायाबरोबर पळतो, ती वाकली की वाकतो, झाडाआडून डोकावतो, आवाज आला की दचकून खाली बसतो. म्हणजे तो बेटावरचा कुणीतरी माणूस असल्यासारखा वागतो. पण तो कुणाचा हात धरत नाही, कुणाला ओढत नाही, आणि त्याला गोळी लागणार नाही हे आपल्याला पक्कं माहीत असतं. मी त्या जागी सुरक्षित बसून घाबरण्याचा अनुभव घेतोय. तुम्ही याला त्या मुलांच्या शेजारी बसणं म्हणता. मला ते नाही पटत.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. ६९ खरी माणसं मेली, आणि चित्रपट ज्या मुलीसाठी आपल्याला रडवतो ती त्यांच्यात नाहीच. ती लिहिलेली आहे. आणि शेवट बघा. सुटका डोळ्यांसमोर असताना काया गोळी लागून मरते, आणि मग कॅमेरा पाण्यात थांबलेल्या नावेत जातो तर तिथे एमिली, जिला ती जीव धोक्यात घालून शोधत होती. हा पटकथाकाराचा डाव आहे. ओस्लोपासून बेटापर्यंत सगळं खरं खरं म्हणत आणलंत आणि शेवटी प्रेक्षकाला धक्का देण्यासाठी नेहमीची कारागिरी वापरलीत.

मेघमल्हार

मला पिवळ्या जाकिटापुढे बघवलंच नाही, बंद केला. घरात त्याच वयाचा मुलगा आहे. त्यामुळे चित्रपट बरा की वाईट यावर मी बोलणार नाही. पण एवढं सांगते, मी बंद केला तेव्हा मला कॅमेरामन आठवत नव्हता.

ओस्लोकर

काही वर्षं नॉर्वेत राहते, ओस्लोपासून जवळ. दोघांनाही थोडं थोडं उत्तर.

काठावरचा, काया खोटी आहे हा आक्षेप मी इथेही ऐकला आहे. पण बेटावर जाऊन आल्यावर मला तो तितका सरळ वाटत नाही. उटोयावर झाडांमध्ये एक मोठं पोलादी कडं टांगलंय, 'लिस्निंगेन' म्हणतात, म्हणजे रानातली मोकळी जागा. त्यावर मेलेल्यांची नावं आणि वयं कापून काढली आहेत. २०१५ मध्ये ते बसवलं तेव्हा सगळ्या घरच्यांनी नावाला होकार दिला नव्हता, म्हणून काही जागा मोकळ्या ठेवल्या. जिथे स्मारकावर नुसतं नाव कोरायलाही कुणाची तयारी नव्हती, तिथे चित्रपटासाठी कुणाचं मूल निवडायचं? एकाला निवडलं तर उरलेल्या ६८ घरांना काय सांगायचं? पॉपे यांनी वाचलेल्यांशी बोलून, त्यांच्या आठवणी एकत्र करून पात्रं रचली. वाचलेल्यांपैकी काही जण चित्रीकरणाच्या वेळी हजर होते. आणि चित्रीकरण उटोयावर केलेलंच नाही, जवळच्या दुसऱ्या बेटावर केलं. माझ्या दृष्टीने खोटी मुलगी घेण्यात त्यांनी खऱ्यांची बूज राखली.

बेटावरची आणखी एक गोष्ट सांगायची आहे. जुनं उपाहारगृह, जिथे १३ जण मारले गेले, ते पाडायचं की ठेवायचं यावर बरीच वर्षं वाद झाला. काहींना ते डोळ्यांसमोर नको होतं, काहींसाठी ती आपल्या मुलाची शेवटची जागा होती. शेवटी त्याचा काही भाग राखला आणि त्याभोवती नवी इमारत उभारली. तिचं नाव 'हेगनहूस'. आतल्या बाजूला ६९ खांब, गेलेल्यांसाठी. बाहेर लाकडी पट्ट्यांचं कुंपण, त्यात ४९५ पट्ट्या, जिवंत परतलेल्यांसाठी. आत भिंतींवर गोळ्यांची भोकं तशीच आहेत. तिथे उभं राहिल्यावर बाहेरच्या पट्ट्यांमधून ऊन आत येतं, तलाव दिसतो, आणि शेजारच्या दालनात शाळेची मुलं लोकशाहीवर गटचर्चा करत असतात. एयूएफची शिबिरंही २०१५ पासून परत बेटावर भरतात.

इथेच पाऊलवाटशी माझं पटत नाही. चित्रपटात ती बाहेरची बाजू नाही. ४९५ जण वाचले, आणि चित्रपट बघून बाहेर पडणाऱ्याला वाटतं की सगळेच संपले. माझ्या ओळखीतल्या बहुतेक नॉर्वेजियन लोकांनी हा पाहिलेलाच नाही. विषय टाळायचा म्हणून नव्हे. छोटा देश आहे, प्रत्येकाला कुणी ना कुणी ओळखीचं आठवतं. त्यांना ती ७२ मिनिटं किती लांब होती हे दाखवायची गरजच नाही.

परळकर

मुंबईचा माणूस या चर्चेत आला की २६/११ येणारच, तेव्हा येऊ द्या.

न तुटणारा कॅमेरा आम्ही २००८ लाच पाहिलाय. जवळजवळ ६० तास. वाहिन्यांनी ताज, ट्रायडंट, नरीमन हाउसच्या बाहेर कॅमेरे लावले आणि आख्खा देश घरात बसून बघत होता. कमांडो कुठून उतरताहेत तेही थेट दाखवलं, आणि हल्लेखोरांचे सूत्रधार पलीकडे तेच चित्र बघून फोनवर सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२ च्या निकालात वाहिन्यांच्या या वागण्यावर फार कडक शब्दांत लिहिलंय. म्हणून 'कट मारला नाही म्हणजे खरं दाखवलं' हे मला पटत नाही. सलग दाखवणं आपोआप प्रामाणिक होत नाही. कॅमेरा कुणाकडे तोंड करून उभा आहे, हे आधी बघावं लागतं.

उटोयाचा चित्रपट मी पाहिलाय आणि माझी तक्रार वेगळी आहे. त्यात लाचारी सोडून काही नाही. त्या दिवशी पलीकडच्या काठावर उटविका नावाची सुट्टीची छावणी होती. तिथली साधी माणसं, कुणी तंबू टाकून राहिलेले, कुणी आसपासचे रहिवासी, आपापल्या लहान बोटी काढून गोळीबार चालू असताना पाण्यात गेली आणि पोहणाऱ्या पोरांना ओढून ओढून वर घेत राहिली. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा फेऱ्या मारल्या. पोलीस पोचायच्या आधी. एका मुलीच्या पाठीला कॅमेरा बांधला की ही माणसं दिसतच नाहीत.

सीएसटीवर त्या रात्री ५० हून जास्त माणसं मेली. पण ती रात्र म्हटली की मला उद्घोषक विष्णू झेंडे आठवतात. ते केबिनमध्ये बसून माइकवरून लोकांना मागच्या बाजूने बाहेर पडा म्हणून सांगत राहिले आणि किती जणांचे जीव वाचले. तुकाराम ओंबळे आठवतात, रिकाम्या हातांनी रायफलची नळी धरून ठेवणारे. आमच्याकडे या हल्ल्यावर जे चित्रपट निघाले त्यांत मारेकऱ्यांचे चेहरे पडदाभर दिसले, तेही मला आवडलं नाही. पण त्याला उत्तर म्हणून नुसतं मरण दाखवायचं?

पाऊलवाट

सगळ्यांचे आभार. एकेक घेते.

परळकर, बोटी चित्रपटात आहेत. अगदी शेवटी आहेत, पण आहेत. शेवटची चौकट एका साध्या माणसाच्या नावेतलीच आहे, आणि एमिली तिथे नुसती बसलेली नाही, दुसऱ्या जखमीला सांभाळते आहे. काठावरचा ज्याला डाव म्हणतात तो मला वेगळा दिसतो. पूर्ण वेळ आपण समजत होतो की काया मोठी, जबाबदार, आणि एमिली हरवलेली, दुबळी. खरं तर एमिली तोवर पाण्यापर्यंत पोचली होती आणि कुणाला तरी वाचवत होती. कायाला ते कळलंच नाही. त्या दिवशी किती जणांना असं काही कळलं नसेल. बहीण सुखरूप आहे हे न कळता गेलेली माणसं असणारच. त्याला पटकथाकाराची चलाखी म्हणायला माझं मन धजत नाही.

कॅमेरा कोण, हा प्रश्न मात्र खरा आहे. त्यावर मी विचार करतेय. माझं तूर्तास उत्तर असं, की कॅमेरा गोळीच्या आवाजाने दचकतो म्हणून तो लोचटपणे जवळ जात नाही. ज्या चित्रपटांत कॅमेरा दचकत नाही तिथे तो जखमेच्या आत शिरतो. इथे एकही जखम आवडीने दाखवलेली नाही.

ओस्लोकर, ४९५ पट्ट्यांचं वाचून हातातलं काम थांबवलं. तुमचा मुद्दा मान्य करूनही विचारते, एका चित्रपटाने सगळंच सांगायला हवं का? स्मारक आहे, सरकारी चौकशी आयोगाचा अहवाल आहे, पुस्तकं आहेत. ही एक गोष्ट, आतून ती वेळ कशी गेली ही, बाकी कशातच सांगता येत नाही.

ध्वनिवेडी

चित्रपटांच्या ध्वनीवर काम करते, त्यामुळे हा तीन-चार वेळा बारकाईने ऐकला आहे. सगळे कॅमेऱ्यावर बोलताहेत. माझ्या मते हा चित्रपट कानांनी घडवलेला आहे.

पार्श्वसंगीत नाही. घाबरा, रडा, आता हुश्श करा हे सांगणारं काही नाही. उरतो श्वास, पायाखालच्या काटक्या, पाणी आणि बंदूक. बंदुकीचा आवाज दर वेळी वेगळ्या अंतरावरून येतो. मोकळ्यावर तो कोरडा आणि छोटा आहे, झाडीत जरा दबलेला, आणि कड्याखाली आल्यावर पाण्यावरून आणि दगडांवरून परतून येतो, त्यामुळे दिशाच कळत नाही. काया दर आवाजाला मान वळवते ती चुकीच्या बाजूला. मारेकरी दाखवायचा नाही असं ठरवल्यावर त्याची जागा फक्त आवाजातून सांगायची होती, आणि ते काम चोख झालंय.

टेकबद्दल, पाच दिवस रोज एकच टेक घेतला, संपूर्ण चित्रपटाचा. कलाकार बहुतेक नवखी तरुण पोरं. तुकड्यातुकड्यांत केलं असतं तर प्रत्येक तुकड्यासाठी त्यांना पुन्हा घाबरायला, पुन्हा रडायला लावावं लागलं असतं. इथे दिवसातून एकदा सुरू, एकदा संपलं. काठावरचा म्हणतात तसं कौशल्य दाखवायला टेक लांब ठेवला असेलही, पण अभिनयात जे उतरलंय ते त्या लांबीमुळे. शेवटच्या अर्ध्या तासात त्या मुलीचा आवाज बसलेला आहे, आणि तो बसवलेला वाटत नाही.

काठावरचा

ध्वनिवेडी, प्रतिसाद आवडला, पुढच्या वेळी हेडफोन लावून बघेन. पण माझा मूळ आक्षेप अजून मोठा आहे आणि त्याच्याकडे कुणी आलं नाही.

त्या दिवशी ती पोरं का मेली? चित्रपट बघून सांगा. सांगता येणार नाही, कारण कायाला माहीत नव्हतं. पण आपल्याला माहीत आहे, आणि माहीत असायला हवं. मारेकरी अतिउजवा होता. मजूर पक्षाने देशात परदेशी लोक, खासकरून मुसलमान आणले असा त्याचा राग होता, म्हणून त्याने त्या पक्षाची पुढची पिढीच निवडली. माजी पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलांड त्याच दिवशी बेटावर भाषण करून गेल्या होत्या, त्यांनाही मारायचा बेत होता. म्हणजे हे राजकीय हत्याकांड होतं. चित्रपटात ते शेवटच्या पाटीवर दोन-चार ओळींत येतं. बाकी वेळ एखादं वादळ बेटावर चालून यावं तसा तो माणूस येतो. निसर्गाला कुणी जाब विचारत नाही.

आणि सरकारचं काय? अलेक्झांड्रा येर्व यांच्या आयोगाचा अहवाल ऑगस्ट २०१२ मध्ये आला. सरकारी कार्यालयांसमोरची ग्रुबेगाता ही गल्ली वाहनांना बंद करायची शिफारस २००४ पासून होती, २०११ पर्यंत अंमल झाला नाही. स्फोटानंतर काही मिनिटांतच एका पादचाऱ्याने पोलिसांना फोन करून पोलिसी वेशातला संशयित आणि त्याच्या गाडीचा नंबर कळवला, तो निरोप बराच वेळ टेबलावर पडून राहिला. पोलिसांचं हेलिकॉप्टर वापरता आलं नाही, कर्मचारी सुट्टीवर. विशेष पथक तलावापाशी आलं तर रबरी बोटीत इतकी माणसं आणि सामान भरलं की इंजिन बंद पडलं, आणि शेवटी लोकांच्या खाजगी बोटींतून जावं लागलं. यातला प्रत्येक प्रकार म्हणजे आणखी काही मिनिटं, आणि त्या मिनिटांत पोरं मरत होती. पाऊलवाट, तुम्ही ज्याला सुटका म्हणता ना, तो पोलीस ठाण्यातला कट, तो मला हवा होता. प्रेक्षकाला श्वास घेता यावा म्हणून नव्हे. त्याला राग यावा म्हणून.

पॉपे यांच्या चित्रपटाच्याच वर्षी, २०१८ मध्ये, पॉल ग्रीनग्रास यांचा '२२ जुलै' आला. त्यात खटला आहे, कट्टरपणा आहे, वाचलेल्या मुलाचं पुढचं आयुष्य आहे. तो सरस आहे असं मी म्हणत नाही, पण निदान प्रश्न विचारतो.

ओस्लोकर

त्या दुसऱ्या चित्रपटात मारेकऱ्याला भरपूर वेळ मिळतो, चांगला नट मिळतो, वाक्यं मिळतात. मला तेच नको होतं.

काठावरचा, तुमचा राग इथेही आहे आणि तो रास्त आहे. पण त्या माणसाला काय हवं होतं तेही बघा. त्याला मंच हवा होता. खटल्याच्या वेळी ओस्लोच्या न्यायालयाने त्याची साक्ष दूरचित्रवाणीवर दाखवायला परवानगी दिली नव्हती, ती याचसाठी. ऑगस्ट २०१२ मध्ये त्याला २१ वर्षांची, पुढे वाढवता येणारी कैद झाली. २०२२ च्या जानेवारीत सुटकेच्या अर्जावर सुनावणी झाली तर तो हात वर करून नाझी सलाम ठोकत आत आला, हातात फलक घेऊन. अर्ज फेटाळला गेला, पण छायाचित्र जगभर छापलं गेलं. पॉपे यांनी त्याला चेहरा दिला नाही, यात राजकारण नाही असं कसं म्हणता? माझ्या मते चित्रपटातली सर्वांत राजकीय गोष्ट तीच आहे.

परळकर

ओस्लोकरांशी इथे पूर्ण सहमत. मी या धाग्यावर त्याचं नाव लिहिलं नाही, कुणीच लिहिलेलं नाही, ते बरं झालं.

पण एक सांगा पाऊलवाट, उद्या कुणी सीएसटीच्या त्या रात्रीवर असाच चित्रपट काढला, बोचकं घेऊन गाडीची वाट बघणारी एखादी बाई, तिच्यामागे कॅमेरा, एकच टेक, आणि शेवटी ती मेली. तुम्ही तो बघाल का? मी नाही बघणार. माझ्या शेजारच्या चाळीतलं एक कुटुंब त्या रात्री तिथे होतं. त्यांना कुणी विचारणार आहे का?

पाऊलवाट

अवघड प्रश्न आहे आणि मी तो टाळत नाही. बाईबद्दलचा बघेन की नाही, त्यांना विचारून काढलाय का यावर अवलंबून. नॉर्वेत विचारलं होतं.

पण मला त्याच रात्रीचा दुसरा चित्रपट डोळ्यांसमोर येतोय. कामा हॉस्पिटल. हल्लेखोर आवारात शिरले तेव्हा परिचारिका अंजली कुलथे यांनी प्रसूतिपूर्व वॉर्डातल्या २० गरोदर बायकांना एका छोट्या पॅन्ट्रीत नेलं, दारं लावली, दिवे मालवले. बाहेर गोळ्या आणि बॉम्बचे आवाज. त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या, तर तिला भिंतीच्या कडेकडेने लेबर वॉर्डपर्यंत नेऊन पोचवलं. बाळ सुखरूप जन्माला आलं. एक खोली, अंधार, वीस बायका, कॅमेरा दाराबाहेर जाणारच नाही. हल्लेखोर फक्त ऐकू येणार. यात कट मारायचा कुणाला अधिकार आहे? कट मारला की आपण बाहेर जातो, आणि त्यांना बाहेर जाता येत नव्हतं.

परळकर

तो बघेन. पहिल्या दिवशी बघेन.

ध्वनिवेडी

आणि त्यात जवळजवळ काहीच दिसणार नाही. फक्त कुजबुज आणि वीस जणींचे श्वास. असं काम करायला मिळालं तर मी बाकी सगळं बाजूला ठेवेन.

काठावरचा

परळकर, तुम्ही तो बघाल कारण त्यात सगळ्या वाचतात. म्हणजे तुमचा आक्षेप एका टेकला नव्हताच, शेवटाला होता. माझा तसा नाही. या पॅन्ट्रीच्या चित्रपटातही मी दोन गोष्टी मागेन. अंजली कुलथे यांच्या जागी कुणी काल्पनिक परिचारिका नको. त्यांनी कसाबविरुद्ध साक्ष दिली, डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे त्या रात्रीबद्दल स्वतः बोलल्या. जी बाई स्वतःच्या नावाने उभी राहून बोलली, तिचं नाव काढून घ्यायचं कारण नाही. आणि एक कट हवाच. समुद्रातून दहा माणसं शहरात शिरेपर्यंत सगळी यंत्रणा काय करत होती, ते त्या अंधारातून बाहेर येऊन मला दाखवा. मग परत आत नेलंत तरी चालेल.